पॉइंट चार मायक्रॉन

एकतीस वर्षं उजवा डोळा
भिंगाला लावून बसले मी
कांजूरमार्गला, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे ‘खिडकी उघडू नये’ अशी पाटी आहे
आणि खिडकीला कडीच नाही.

खरजेवरचं लोशन. पाण्यात तेल.
काचपट्टीवर एक टिपका, वर पातळ काच,
अलगद ठेवायची, नाहीतर मोठे थेंब चेपतात
आणि आहेत त्याहून मोठे दिसतात.
माणसांचंही तसंच, घारपुरे म्हणायचे.
त्यांना प्रत्येक गोष्टीवर असं काहीतरी सुचायचं.

रोज दोनशे थेंब.
डाव्या आणि वरच्या कडेला टेकलेले सोडायचे,
उजव्या आणि खालच्या कडेचे धरायचे.
का, ते पहिली चार वर्षं मी विचारलं नाही.
एक मोठा चुकला की हजार बारके वाया:
व्यास दहापट, तर तेल हजारपट.

एलबीएसवरून कंटेनर गेला की
भिंगाखालचं सगळं थरथरायचं.
पेन्सिल उचलून मी थांबायचे.
मेट्रोचे खांब रोवायला घेतले
तेव्हापासून दुपारी मोजायचंच सोडलं.

मग झुबेर मुकादम आला, कुर्ल्याचा, सव्वीस वर्षांचा.
कॅमेरा बसवला. म्हणाला, मॅडम,
तुम्ही फक्त गोल काढा, यंत्र बघून शिकेल.
चार हजार दोनशे गोल काढले माऊसने.
दोन चिकटलेत, एक धरू की दोन?
मध्ये रेष दिसते तोवर दोन.
हा काळ्या जाड कडेचा?
हवेचा बुडबुडा. आपला नाही.
आणि हा खोल गेलेला, धूसर?
थोडं थांबायचं, वर येतो.
झुबेर हसला. यंत्राला कसं थांबवू मॅडम,
फोटो काढून झालेला असतो.

एकदा डब्यातली सोलकढी ठेवली काचेखाली.
आमसुलाच्या गुलाबी पाण्यात नारळाचं तेल.
यंत्राने चहा ओतेपर्यंत मोजून दिले,
एक हजार सहाशे अकरा.
कढी कधी फुटणार ते आईला
पळीच्या आवाजावरून कळायचं.
आकडा तिला कोणी विचारला नाही.

मार्चमध्ये झुबेरने प्रमाण मणी मागवले,
प्लास्टिकचे, नेमके पाच मायक्रॉनचे.
यंत्र म्हणालं, पाच पॉइंट चार.
पुन्हा पाच पॉइंट चार.
भिंग पुसलं, मापाची काच बदलली,
कॅमेऱ्याच्या कंपनीला फोन झाला.
शेवटी तो माझे गोल
एकेक मोठे करून बघत बसला
आणि बराच वेळ माझ्याकडे वळला नाही.

मुलुंडच्या डॉक्टर म्हणाल्या, मोतीबिंदू.
बराच पिकलाय. दिव्यांभोवती वलय
कधीपासून दिसतंय?
मला वाटायचं, दिव्यांना असतंच.

मोतीबिंदू.
एवढा एकच मोजायचा राहिला होता.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी
जुने गोल स्क्रीनवर लावले.
थेंब आत, माझा गोल बाहेर,
मध्ये एवढीशी मोकळी जागा,
सैल बांगडीतून मनगट दिसावं तशी.
चार हजार दोनशे वेळा.
आणि यंत्र बिचारं तीही मोकळी जागा
मन लावून शिकलेलं.

किती वर्षांचं लोशन गेलं असेल बाजारात
माझ्या सहीने, पॉइंट चार जास्तीचं?
कोणाची खरूज थांबली नाही की वाढली नाही,
झुबेर म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून.
सगळे पुसतो, नव्याने काढू.
काढू. आधी चहा सांग.
आणि पुसण्याआधी एक प्रत ठेव.
नाव काय देऊ?
नाव नको. तारीख घाल.

बसले. पहिला गोल, थेंबाला घट्ट.
खालून कंटेनर गेला.
हात आपसूक उचलला गेला, थांबला.
स्क्रीनवरचं
काहीच हललं नव्हतं.