तीन प्रती

रावपुऱ्यात, स्टुडिओच्या काचेमागे
पाच नवऱ्या, एक निवृत्त मामलेदार,
आणि माझी मुलगी.

मेथीची जुडी घेऊन चालले होते.
आधी वाटलं, कोणाची तरी गोड आहे पोर.
मग हनुवटीवरचा वण दिसला,
दिवाळीत पायरीवरून पडली होती, दोन टाके.
लाल टेलिफोन कानाला लावून बसलेली,
अंगात फ्रॉक, जो मी कधी धुतला नव्हता.

"बेन, बहु सरस आव्यो छे," रश्मिकांतभाई म्हणाले.
हिला घेऊन कोण आलं होतं?
"एनां दादी."
पावतीपुस्तक उलटून दाखवलं त्यांनी:
मोहिते. पोस्टकार्ड साइझ. तीन प्रती.
मुलगी कोणाची, असं विचारलं होतं म्हणे,
आणि कमलिनीबाई म्हणाल्या होत्या, आमचीच.

दहा ते साडेसहा ती त्यांचीच असते.
मी तेव्हा परीक्षा विभागात गुणपत्रिकांवर शिक्के मारते,
सही नसलेला कागद पुढे जाऊ देत नाही.
महिना अडीचशे रुपये. त्यात
वरणभात बसतो, दुपारची झोप,
शी-शू, चिमणीचं मेणाचं घर.
आमचीच हा शब्द त्यात बसतो का,
ते काही आम्ही ठरवलं नव्हतं.

एक प्रत त्यांच्या शोकेसमध्ये, पितळी हत्तीशेजारी.
एक मस्कतला गेली, मुलगा-सून असतात तिथे,
लग्नाला नऊ वर्षं झाली.
तिसरी काचेमागे,
येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचीही.

"अगं, विचारायचं काय त्यात?
फ्रॉक ट्रंकेत पडून होता.
वाटलं, एकदा कोणाच्या तरी अंगात बघावा."

तेव्हा आठवलं, मागच्या महिन्यात एका रात्री
गार्गीच्या केसांना डांबरगोळ्यांचा वास येत होता.
मी शिकेकाईनं धुऊन टाकले.
विचारलं मीही नव्हतं.

घरी हे म्हणाले, फोटोच आहे ना,
दागिना तर नाही नेला कोणी.
दागिना असता तर
परत आल्यावर तोलून घेतला असता.

रात्री तिला थोपटताना विचारलं,
फोटोत कोणाकडे बघून हसलीस गं?
"तुझ्याकडे."
मी कुठे होते तिथे?
"त्या काळ्या डब्यात. बाई म्हणाल्या,
आत आई बसलीय, तिला हसून दाखव."
आणि कुशीवर वळून झोपली.

दुसऱ्या दिवशी जाऊन तिसरी प्रत मागितली.
रश्मिकांतभाईंनी एकेक टाचणी काढली,
पैसे घेतले नाहीत, बोललेही नाहीत.
निळ्या मखमलीवर एक चौकोन उरला,
गडद, ऊन न लागलेला.

सोमवारी पुन्हा त्याच दारात तिला सोडलं.
दुसरं दार कुठे होतं?
म्हटलं, पुढच्या वेळी आधी मला विचाराल?
"विचारीन हो," म्हणाल्या. रागावल्या नाहीत.

तेव्हापासून सगळंच विचारतात.
केळं देऊ का, जरा खोकते आहे.
नखं कापू का.
कमाटीबागेत नेऊ का संध्याकाळी,
तिथल्या छोट्या गाडीत बसवू का.
उंबऱ्याच्या आत उभ्या राहून, पदर सारखा करत,
आमच्या खिडकीशी नापास पोरं उभी राहतात तशा.
मी चपला घालता घालता म्हणते,
हो. हो. त्यात काय विचारायचं.

शोकेसमधली प्रत मी मागितली नव्हती.
परवा बघितलं, तर हत्ती एकटाच.
कुठे ठेवलात फोटो,
एवढं विचारायला जीभ उचलत नाही.