लाल खडू

अंबडच्या शेडमध्ये, सीएनसीमागच्या भिंतीवर
ड्रॉइंगसोबत आलेला एक नकाशा चिकटवलाय:
पांढरे डोंगर, त्यांवर निळ्या, तांबड्या, काळ्या रेघा,
चार खोरी, एकच पास.
सकाळी एका गावातून निघायचं,
पाळण्यात बसून वर, घसरत खाली, पुन्हा वर,
जेवायला तिसऱ्या खोऱ्यात.

त्या पाळण्यांच्या दोराखालच्या पुल्या आम्ही कापतो.
मी मोजते. दोन शतांश इकडेतिकडे
की लाल खडू.

खैरनारमामा डबा खाताना नकाशावर बोट फिरवतात.
अंजनेरीवरून ब्रह्मगिरी, तिथून फणी, हरिहर,
थेट बसगडापर्यंत दोर ओढायचा.
"पायाला माती लागणार नाही बघ, पोरी."
"आणि बर्फ?"
मामा भाकरी मोडतात.

जानेवारीत निफाडला पारा साडेचारवर आला.
मामा रात्रभर भावाच्या बागेत
शेकोट्या घालत होते, द्राक्षं वाचवायला.
सकाळी तसेच पहिल्या शिफ्टला आले, डोळे धुराने चुरचुरलेले.
म्हणाले, बांधावर दहिवर गोठलं होतं गं.
नखाने खरवडलं. जिभेवर ठेवलं.
"कसं लागलं?"
"लोखंडासारखं."

त्या दिवशी बावीस पुल्या पेटीत गेल्या,
पेटीवर कुठल्याशा गावाचं नाव, आम्हाला न वाचता येणारं.
तेविसावी मामांनी मागून घेतली.

ती आता भावाच्या विहिरीवर आहे,
दोन शतांश चुकलेली.
पोहरा उतरतो, चढतो, उतरतो.
कुरकुरत नाही.