वजा एक

खैतानच्या पंपावर माझा पुढचा टायर तेहतीस.
फरवानियाच्या पंपावर, दहा मिनिटांनी, सत्तावीस.
तोच टायर, तीच पहाट, मध्ये एकही खड्डा नाही.
हवा काही वाटेत उतरून चहाला गेली नव्हती.

अश्फाक परकार म्हणतो, अंगठा दाब, कळतं.
त्याच्या कोपरावरची साल अजून धरलेली नाही.
फिफ्थ रिंग रोडच्या वळणावर मागचं चाक बसलं
आणि कुणाची तरी मटण बिर्याणी
सिग्नलपर्यंत घरंगळत गेली.
अंगठ्याला त्या दिवशीही सगळं ठीकच वाटलं होतं.

म्हणून शुक्रवारी शुवैख.
हमझाक्काच्या दुकानातला पंखा फक्त हमझाक्काकडे बघतो.
त्यानं काचेवर तीन गेज मांडले.

पहिला पेनासारखा. खिशाला लावला तर कारकून वाटावं.
हवा लागली की बुडातून पांढरी काडी सरकते,
तिच्यावर मुंगीच्या पायांएवढ्या रेघा.
दारात नेला. उन्हात रेघा दिसेनात.

दुसरा आकड्यांचा. दशांशासकट बोलतो,
जणू तो बोलला की विषय मिटला.
एकोणतीस पूर्णांक पाच.
पुन्हा लावला: एकतीस पूर्णांक दोन.
तिसऱ्यांदा लावला तेव्हा हमझाक्काच पावतीपुस्तक चाळू लागला.
ऑगस्टात याचा पडदा काळा पडतो,
हे त्याच्या पोऱ्यानं सांगितलं,
चहा ठेवता ठेवता, हळूच.

तिसरा काट्याचा.
अंगावर जाड रबर, वीतभर नळी,
आणि तोंड असं काटकोनात वळलेलं
की डिस्क आणि आऱ्यांमधून आत शिरून
व्हॉल्व्हवर नीट बसतं. बोटं पोळत नाहीत.
फुस्स. चिमूटभर हवा जाते, तेवढी मोजण्याची फी.
आणि नळी काढली तरी काटा जागचा हलत नाही,
बटण दाबेपर्यंत ऐकलेलं धरून ठेवतो.
म्हणजे उठावं, सावलीत यावं,
चष्म्यावरचा घाम पुसावा, मग वाचावं.

भिंतीवर हमझाक्काचा पितळी आहे, विकायचा नसलेला.
ट्रकवाले त्याच्या शब्दावर बसऱ्यापर्यंत जातात.
त्याच्याशी ताडून पाहिला:
माझा तीस म्हणतो तिथे तो एकोणतीस.
हवा सोडली. पंचवीस, चोवीस.
भरली. छत्तीस, पस्तीस.
दुसरा पीस काढू? हमझाक्का.
नको, मी.

गुहागरच्या एसटी स्टँडवरचं घड्याळ
माझी सबंध शाळा सात मिनिटं पुढे होतं.
कुणाची गाडी चुकली नाही.
चुकायची ती सोनोने कंडक्टरच्या मनगटामुळे,
ते कधी पुढे, कधी मागे,
आणि मनगट मात्र कायम ठाम.

साडेचार दिनार, त्यात दोनशे फिल्स सोडले.
रबरावर मार्करनं लिहिलं: वजा एक.

टायर गार असताना मोजावा, असं पुस्तिकेत आहे.
लिहिणारा कुठल्या गावचा कोण जाणे.
इथे पहाटे साडेतीनला गार म्हणजे
हात ठेवला तर ठेवता येतो, एवढंच.
अठ्ठावीस भरायची.
भर उन्हात तीच बत्तीस दाखवते,
ते बघून घाबरून सोडायची नाही,
हे कळायला माझा एक उन्हाळा गेला.

आईला फोनवर मी ठीक म्हणतो.
किती वजा करायचं, ते तिला ठाऊक असावं.

गेज दाराच्या खिळ्याला, चाव्यांशेजारी.
खोली तळमजल्याची, खिडकी पार्किंगकडे.
परवा जाग आली ती फुस्सनं.
बाहेर अश्फाक उकिडवा,
मोबाइल दातांत, उजेड चाकावर.
सवयीनं अंगठा लावलाच त्यानं आधी.
मग काटा बघितला, उजेड रबरावर फिरवला,
ओठ हलवत काहीतरी वाचलं,
आणि दातांतला मोबाइल काढून
एखाद्या साक्षीदारासारखं म्हणाला,
"तेवीस."