प्रश्न क्रमांक सात

बुकाहून आलेल्या बाईंनी छापील कागद वाटले.
प्रश्न क्रमांक सात:
समेटाच्या विधीबद्दल आपण कितपत समाधानी आहात?
एक ते पाच. योग्य आकड्याभोवती गोल करा.

पर्पेचुआ मावशीने त्या कागदात चुन्याची पुडी बांधली
आणि विचारलं, हा प्रश्न कोणाला पडलाय?

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, मग तुमचा सांगा.

तीन दिवस कोणी काही सांगितलं नाही.
रताळी काढली, चर्चचं छप्पर शाकारलं.
बाईंच्या पायांना फोड आले, आम्ही पाला वाटून लावला.
चौथ्या दिवशी चुलीच्या धुरातून कोणीतरी बोललं:
हाडं कुठे आहेत?

तेव्हापासून मी वही धरायला शिकले,
रेकॉर्डर चालू करायला शिकले, आणि बंद करायला.
दुसरं जास्त अवघड.

समेट झाला होता, नाही असं नाही.
डुक्कर कापलं, धनुष्य मोडलं, दगड पुरला.
इथे सुपारी देतात ती वैर मिटवायला;
दोन्हीकडच्यांनी एकच फोडून चघळली, लाल थुंकले,
हात मिळवले.
जमीन आमच्याकडे आईकडून येते, ती राखायला मामा असतो.
माझा त्या दिवशीही घरी आला नाही.

छापील नकाशात बूगनव्हिल आहे, आमचं गाव नाही.
म्हणून अंगणात मांडलं:
करवंट्या म्हणजे घरं,
राख म्हणजे नदी (खाणीने तिला तशीच करून सोडली आहे),
आणि जिथून कोणाला नेलं, तिथे एक शिंपला.

बायका भराभर ठेवत गेल्या.
केफास कडेला उभा होता. तेव्हा सोळा वर्षांचा होता तो,
खांद्यावर पाण्याच्या नळाची बंदूक.
तो वाकला.
शिंपला ठेवला, पण जिथून नेलं तिथे नाही.
कोकोच्या जुन्या भट्टीमागे, ओढा वळतो तिथे.
आणि हात उचललाच नाही.

एक कोंबडी राखेच्या नदीतून चालत गेली,
कोणी हाकलली नाही.
मग आई म्हणाली, किती खोल?
कमरेइतकं, तो म्हणाला. घाई होती.

रेकॉर्डर बंद होता. मीच केला होता.

रात्री बसलो, विद्यापीठाला काय कळवायचं ते ठरवायला.
पोरांचेही हात मोजले.
नाव लिहायचं नाही. जागा लिहायची नाही.
खोली?
खोली लिही, पर्पेचुआ मावशी म्हणाली,
त्यांना आकडा लागतो.

परवा खणायला जायचंय.
फावडी पाच आहेत, सहावं केफासचं.
आईने त्याला निरोप धाडलाय:
जेवून ये,
उशीर होईल.