डावीकडे, खाली

शाळेच्या पोटात, तीन जाड दारांपलीकडे
युद्ध आलं तर म्हणून बांधलेलं तळघर.
युद्ध आलं नाही. आम्ही येतो,
दर मंगळवारी, ओले बूट रांगेत काढून,
लोकरी मोज्यांनी गार सिमेंटवर.
वर केमियार्वीत दुपारी दोनलाच अंधारलेलं.

पंचवीस मीटरवर कागद.
मी काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरतो
आणि भोक पडतं डावीकडे, खाली.
पुन्हा नेम. पुन्हा डावीकडे, खाली,
जणू तिथून कुणी नावानं हाक मारतंय.

"डोळ्यांचा दोष नाही," तोइनी म्हणाली.
"माशी जागेवर आहे. मूठ खोटं बोलतेय."

तोइनी राउताकोस्की.
अडतीस वर्षं हिने सल्लाच्या रस्त्यावर बस चालवली,
शाळेची पोरं घेऊन, बर्फावरून.
अजून बोलते ती थांबे घेत घेत.
पाखरू धरावं तसं धर, असं मला आधी कुणी सांगितलेलं.
ती हसली. "पाखरू कुणी धरलंय इथे?
घसरडीवर स्टिअरिंग धर.
घट्ट. आणि सुरुवातीला जेवढं घट्ट
तेवढंच शेवटाला.
जोरानं गाडी घसरत नाही.
जोर मध्येच बदलला, की घसरते."

लगद्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी झडपा आवळल्या.
आवळणं, एवढंच या हाताला येतं.
चाप सुटायच्या क्षणी पाचही बोटं एकदम धावतात,
भोंगा झाल्यावर पाळी सुटावी तशी.
कारखाना बंद झाला, बोटांना कुणी कळवलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
इथे दर गोळी ती उघडते
आणि कागदावर खरी किंमत मांडते.

मग तिने पिस्तूल रिकामं केलं, दोनदा पाहिलं,
दिव्याखाली माझ्या हातात दिलं.
माझं तिसरं बोट लाकडाला टेकतच नव्हतं.
अक्रोडाची मूठ, तळव्याला खोलगट,
अंगठ्यासाठी कोरलेली लहानशी पायरी,
सगळं ओइवाच्या मापाचं.
ओइवा, तिचा नवरा, लहान हातांचा माणूस,
शेवटचा इथे आला त्याला सहा हिवाळे झाले.
मी इतके महिने दुसऱ्याच्या पोकळीत
माझा हात कोंबत होतो,
आणि उरलेली जागा जोरानं भरत होतो.

तिने लाकडाची लांबी मळली, पोकळीत थापली.
"धर. आवळू नकोस. फक्त अस."
दहा मिनिटं मी नुसता होतो.
लांबी सुकली, माझ्या रेषा तिच्यात उमटल्या.
मग कानस.
अंगठ्याच्या पायरीपाशी तिचा हात थांबला.
हवेचा पंखा घोंगावत राहिला.
शेजारच्या गल्लीतून कुणी विचारलं, कॉफी ठेवू का?
"ठेव," ती म्हणाली, आणि पायरी घासून टाकली.
तपकिरी भुसा तिच्या गुडघ्यांवर पडला.
तो तिने बराच वेळ झटकला नाही.

पुढचा मंगळवार.
मधली दोन बोटं सरळ मागे ओढतायत, तेवढंच.
अंगठा बिनकामाचा, सुट्टीवर.
तर्जनी एकटी निघते,
झोपलेल्या घरातून पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यासारखी,
दाराचा आवाज न करता.
कधी सुटली गोळी, मलाच उशिरा कळलं.

दहा भोकं. तोइनीने कागद टेबलावर पसरला,
कॉफीचा कप त्यांच्यावर ठेवला.
दहाही झाकली गेली.
"पण सगळी उजवीकडे," मी म्हणालो. "मध्यावर एक नाही."
"नाहीच," ती म्हणाली,
खिशातून बारका पेचकस काढत.
"एकत्र आहेत ना? मग हलवता येतात.
विखुरलेल्यांचं मी काय करणार होते?"
अर्धा आटा. टक्.

निघताना मी हात पुढे केला.
तिने तो धरला,
आणि सोडेपर्यंत
तेवढाच.