शून्याची चूक

नाशिकहून पत्रक आलंय.
दर तीन महिन्यांनी येतं, आता एक्सेलमध्ये.
साधकाचं नाव, बैठकींची संख्या,
स्थैर्य, साक्षीभाव, जागृती:
प्रत्येकाला दहापैकी गुण, अर्धा गुण चालणार नाही.
रविवारपर्यंत पाठवा, दादा म्हणाले,
कुवेत केंद्राचं नेहमीच उशिरा येतं.

कुवेत केंद्र म्हणजे माझा हॉल.
फहाहील, चौथा मजला, खाली मलबारी माणसाची लाँड्री,
शुक्रवारी पहाटे साडेपाच.
सोफा भिंतीला उभा केला की सात माणसं मावतात,
आठवं आलं तर स्वयंपाकघराच्या दारात.

मला मोजता येत नाही असं नाही.
एकोणीस वर्षं तेच करतोय.
रिफायनरीतून उतरवलेले प्रेशर गेज
माझ्या टेबलावर येतात, तेलकट,
काचेच्या आतही वाळू गेलेली.
मी दाब चढवत नेतो, नोंदतो,
उतरवत आणतो, पुन्हा नोंदतो.
चढतानाचे पन्नास आणि उतरतानाचे पन्नास
सहसा एक नसतात.
धातूच्या लक्षात राहतं.
आणि सगळा दाब सोडून दिला तरी
एखादा काटा शून्यावर येतच नाही,
दोनावर, तिनावर थरथरत राहतो.
स्क्रू फिरवायचा, स्टिकर लावायचं,
पुढच्या तपासणीची तारीख, सही.

निवृत्ती बोडके, क्रेनवरचा रिगर.
पाठ अशी की ओळंबा लावून बघावा.
स्थैर्य: नऊ.
मग आठवलं, फेब्रुवारीत त्याचा धाकटा भाऊ गेला,
रजा मिळाली नाही,
त्या शुक्रवारीही तो असाच बसला होता,
असाच ताठ.
बसला होता की अडकला होता?
नऊ पुसले. सात केले. सातही पुसले.

इनास रुमाव, वसईचा.
चर्च नऊला असतं, तोवर तुमच्याकडे, म्हणतो.
एकदा जाता जाता, चपला घालत विचारलं त्याने:
सर, मी कोण ते कळलं,
समजा कळलंच,
मग शनिवारी ड्यूटीवर कोणी जायचं?
सगळे हसले. मीही.
उत्तर अजून दिलेलं नाही.
प्रश्नाला गुण द्यायचे की मला?

मोहिनीराज गुमास्ते मात्र मेसेज करून विचारतात,
या वेळी किती?
मागच्या वेळी सहा होते,
आता निळा उजेड दिसतो, दोनदा दिसला.
द्यावेत आठ. त्यांची बायको तिकडे अमरावतीला
पत्रक फ्रीजवर लावते म्हणे.

आणि वृषाली तांडेल.
वॉर्डातली रात्रपाळी संपवून थेट येते,
गणवेशावर स्वेटर.
तिसऱ्या मिनिटाला मान कलंडते,
पाचव्याला घोरते, बारीक, मांजरीसारखी.
बोडके खाकरतो. मी खाकरू देत नाही.
तिच्या रूममेटनं सांगितलं, तिनं नाही:
वॉर्डात एक म्हातारी आहे,
पहाटे तीनला ‘नूरा, नूरा’ करते,
नूरा म्हणजे तिची मुलगी, कधीची गेलेली.
ही ‘आले, यम्मा’ म्हणत उठते,
कूस बदलून देते, उशी नीट करते,
नाव दुरुस्त करत नाही.

जागृती, दहापैकी.
कर्सर लुकलुकतोय त्या चौकटीत
पाऊण तास.

शेवटची ओळ प्रशिक्षकाची असते.
स्वतःचे गुण स्वतः भरा, प्रामाणिकपणे.
इतकी वर्षं मी सात भरतो:
सहा म्हणजे खोटी नम्रता वाटते,
आठ म्हणजे दादांचा फोन.

या वेळी हात थांबला, कारण क्षुल्लक.
बैठकीआधी आम्ही चहा घेतो,
कप तसेच सोडून बसतो.
चाळीस मिनिटांनी उठून पाहावं
तर ओट्यावर सगळे धुतलेले,
फडक्यावर पालथे,
कान एकाच दिशेला.
आठ महिने झाले.
कोण धुतं मला माहीत नाही.
मधे कधीतरी नळाचा आवाज येतो,
येतो खरा,
पण आवाजाकडे नुसतं पाहा,
डोळे उघडू नका,
असं मीच सांगतो सगळ्यांना.