साडेब्याऐंशी

रिमोट चालत नाही म्हणून रौहांनी मला वर बोलावलं.
बॅटऱ्या उलट्या बसल्या होत्या, एवढंच.
पण कॉफी आधीच ओतून झाली होती,
बाहेर उणे एकवीस,
आणि मी सिटीबसचा ड्रायव्हर, सुट्टीवर.
मला तरी कुठं जायचं होतं?

माहितीपट लागला होता. स्की-जंपवरचा.
डेअरीमागच्या टेकडीवरून उडायला शिकलेला
एक पोरगा, पुढे जगभर उडत राहिला,
मग दारू, मग घटस्फोट, मग दुरुस्त झालेलं हसू.
असले पट मी ढिगानं पाहिलेत.
पडणं कुठल्या मिनिटाला येणार ते मला आधीच कळतं,
व्हायोलिनं हळू होतात.

"थांबव," रौहा म्हणाल्या.

पोरगा हवेत होता. हात अंगाशी,
नाक स्कीच्या टोकांना टेकायला आलेलं.
पडद्यावर बर्फ होता की जुन्या फिल्मची धूळ, कळेना.
त्या मात्र त्याच्याकडे बघतच नव्हत्या.
त्यांचं बोट गेलं खाली, उताराच्या कडेला,
जिथं माणसं रांगेनं उभी होती,
मीटरला एक माणूस,
कुंपणाच्या खुंटांसारखी.

तेव्हा यंत्रं नव्हती. डोळ्यांनी मोजायचे.
उडणारा ज्याच्या पायाशी उतरला
त्यानं हात वर करायचा.
मोबदला: एक सॉसेज, कपभर गरम रस.

"तो. केसाळ टोपीवाला.
एक कानपट्टी वर, एक खाली.
कितीदा सांगितलं, दोन्ही बांध म्हणून."

तौनो.
मी या इमारतीत येण्याआधीच गेलेले.
मला ते माहीत दारावरच्या पाटीपुरते,
जी रौहांनी अजून बदललेली नाही.

चालू केलं. पोरगा उतरला. गर्दी उसळली.
रांगेतून एकच हात वर गेला,
उत्तर येत असलेल्या, पण फार खात्री नसलेल्या
शाळकरी मुलासारखा.
कॅमेरा लगेच पोराकडे वळला.
सगळं मिळून दीड सेकंद.

"मागे घे."

अकरा वेळा मागे घेतलं.
अकरा वेळा पोरगा पाठमोरा आकाशात चढला,
आणि दरवेळी तो हात आधी खाली आला,
जणू दिलेलं परत घेतोय.

निवेदक म्हणाला: त्र्याऐंशी मीटर.
याच उडीनं त्याची निवड झाली,
इथूनच सगळं सुरू झालं.

"साडेब्याऐंशी होतं," रौहा म्हणाल्या.
"त्या रात्री हेरिंग सोलता सोलता बोलला.
पोराचे हातमोजे फाटके होते म्हणे.
म्हणून पुढचं पाऊल पुढे टाकून उभा राहिला."
मग पडद्याकडे बघत, बऱ्याच वेळानं:
"ती दारू पण त्या अर्ध्या मीटरमधलीच का रे?"

मला काय सुचणार? मी कप विसळले.

पुढच्या शनिवारी मीच एक पट निवडला, संगीतावरचा.
तळ्याकाठचे लाकडी नाचमंडप, उन्हाळ्याच्या न संपणाऱ्या रात्री,
अकॉर्डियन वाजवणारा, बोटं तुटकी, टँगो अख्खा.
रौहा मोजा विणत राहिल्या. एकदाही थांबवला नाही.
"इथं कुणाला शोधायचं नाही का?"
"तौनो नाचायचाच नाही."
"आणि तुम्ही?"
"मी नाचायचे." एक टाका सुटला, तो त्यांनी उचलला.
"कॅमेरा दिसला की खांबामागे जायचो.
दोघंही."

टँगो संपेपर्यंत मी पुढचं विचारलं नाही.
दुसरा कोण, ते मोज्याला माहीत.

सोमवारी पहाटेची फेरी.
दवाखान्याच्या थांब्यावर अंधारात
एका म्हाताऱ्यानं हात वर केला.
फाटका हातमोजा, दिव्याच्या झोतात स्पष्ट.
ब्रेक दाबला. चाकं बर्फावर घसरली.
थांबलो, थोडं पुढे.

किती, ते सांगत नाही.
दार उघडलं,
आणि तो येईपर्यंत वाट पाहिली.